स्प्रिंग आवळण्याआधी खांब मोजा

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: घराच्या पार्किंगला १० फूट रुंद, ८ फूट उंच, हाताने ओढायचं लोखंडी शटर आहे. सहा वर्षं झाली बसवून. होळी झाली की ते जड व्हायला लागतं, मे महिन्यात दुपारी कमरेच्या उंचीला अडकतं आणि डावी बाजू मागे राहते. पाऊस नीट लागला की आपोआप सुधारतं. कारागिराने दोनदा स्प्रिंग आवळून दिली. तरी मध्ये अडकायचं ते अडकतंच, उलट वरचे दोन फूट हातातून सुटून धाडकन वर जातं. आता तो म्हणतो, सगळ्या स्प्रिंगा बदला नाहीतर मोटर बसवा. काय करावं?

एवढ्यात दोन्ही करू नका. स्प्रिंग थकलेली असेल तर शटर बारा महिने जड राहतं, मृग लागला म्हणून हलकं होत नाही. वर गेल्यावर हातातून सुटतं याचा अर्थ स्प्रिंगमध्ये ताण कमी नाही, जास्तच झालाय. तुमचा दोष वरच्या पाईपवर नाही, म्हणजे शटर ज्यावर गुंडाळलं जातं तिथे नाही. तो खांबात आणि गाईडमध्ये आहे, म्हणजे पट्ट्यांची टोकं ज्यात सरकतात त्या दोन बाजूंच्या खोबणीच्या चॅनलमध्ये. घासणाऱ्या शटरवर स्प्रिंग आवळणं म्हणजे ब्रेक लागलेल्या गाडीला जास्त रेस देणं. गाडी पुढे सरकते, पण आत काहीतरी जळत असतं.

हे पटावं म्हणून आधी शटर चालतं कसं ते पाहू. १० बाय ८ म्हणजे साडेसात चौरस मीटरच्या आसपास. १८ गेजच्या पट्ट्या असतील तर बॉटमसकट, म्हणजे तळाच्या जाड पट्टीसकट, वजन १०० किलोच्या घरात जातं. एवढं वजन एक माणूस उचलतो ते पाईपवरच्या पुल्यांमध्ये बसवलेल्या स्प्रिंगांच्या जिवावर. शटर खाली येताना स्प्रिंग पिळली जाते, वर जाताना उलगडते. वर जाताना लटकणारं वजन कमी होत जातं आणि स्प्रिंगचा जोरही त्याच चालीने उतरतो, म्हणून नीट तोललेलं शटर कुठल्याही उंचीला जवळजवळ जागच्या जागी राहतं. हाताने ओढायच्या शटरला साधारण ८ चौरस मीटरपर्यंत बेअरिंग लागत नाही, १२ पर्यंत बेअरिंग घालून चालतं आणि त्यापुढे गिअर लागतो. तुमचं शटर बेअरिंगशिवायच्या मर्यादेत आहे, पण अगदी काठावर. म्हणून थोडंसं घासलं तरी लगेच हाताला कळतं.

आता वजन आणि घर्षण वेगळं कसं ओळखायचं? त्यासाठी प्रवासाची बॅग मोजायचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो. शटर कमरेइतकं वर घ्या. बॉटमच्या मधल्या हँडलला दोरी बांधून काटा लावा आणि काट्यानेच हळूहळू वितभर वर ओढा. चालत असताना दिसणारा आकडा लिहून घ्या. मग त्याच वितभर अंतरात शटर खाली येऊ द्या आणि येताना काट्यावर किती किलो तोलून धरावे लागतात ते लिहा. ते आपणहून येत नसेल, उलट खाली ओढावं लागत असेल, तर काटा खालून लावून तेवढा आकडा उणे धरा. दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मी केली की स्प्रिंगला न पेललेलं वजन मिळतं. वरच्या आकड्यातून खालचा वजा करून निम्मं केलं की घर्षण मिळतं.

समजा वर ओढताना ३२ आले आणि खाली येताना १२ तोलावे लागले. म्हणजे न पेललेलं वजन २२ किलो, घर्षण १०. इथे स्प्रिंगच कमी पडतेय. दुसरीकडे वर ओढताना २८ आणि खाली आणायला १२ ओढावे लागले, म्हणजे उणे १२, तर न पेललेलं वजन ८ आणि घर्षण २०. अशा शटरला कितीही आवळा, घर्षण २० चं २०च राहतं. तुमचे आकडे या दुसऱ्या जातीचे निघतील. घर्षण ६-७ किलोच्या आत आणि उचलायला लागणारा जोर १०-१५ किलोच्या आत असेल तर शटर निरोगी समजा. हा प्रयोग एकट्याने करू नका. दोन्ही गाईडला बॉटमच्या खाली हातभर अंतरावर सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा C आकाराचा शिकंजा) आवळून ठेवा म्हणजे शटर सुटलं तरी तिथेच थांबेल. पोरांना आणि कुत्र्याला आत थांबवा.

मग खांब मोजा. दोन गाईडच्या आतल्या तळांमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी टेपने घ्या. ३ मिमीपर्यंतचा फरक चालतो, ५ च्या पुढे गेला की शटर बोलायला लागतं. त्यानंतर ओळंबा दोनदा लावा, एकदा गाईड डावी-उजवीकडे झुकलाय का ते पाहायला आणि एकदा आत-बाहेर. दुसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत. एक गाईड रस्त्याकडे आणि दुसरा घराकडे कललेला असेल तर पट्ट्यांना पीळ पडतो आणि टेपच्या मापात ते अजिबात दिसत नाही. शेवटी पाण्याची लेव्हल नळी घेऊन पाईपची दोन टोकं बघा. १० फुटांत ३ मिमीपेक्षा जास्त उतार असेल तर गुंडाळी प्रत्येक फेरीला उतरत्या बाजूला सरकते, पट्ट्यांच्या कडा त्या बाजूच्या चॅनलच्या तळाला खेटतात आणि तीच बाजू मागे राहते. तुमची डावी बाजू मागे राहते, म्हणून डावा खांब आधी तपासा.

मराठवाड्यात हे इतकं का होतं, तर आपल्या पायाखालची काळी. ती भिजली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. शेतात एप्रिलमध्ये ज्या भेगांत हात जातो तीच माती कंपाऊंडखालीही असते. घराचा पाया बहुधा मुरमापर्यंत नेलेला असतो, पण पार्किंग मागाहून काढलेलं, खांबाचा खड्डा दोन-तीन फुटांचा, भरावावर उभा. मग घर जागेवर राहतं आणि खांब हंगामाप्रमाणे हलतो. एक खांब घराच्या भिंतीला जोडलेला आणि दुसरा मोकळा असला तर फरक आणखी वाढतो. त्यात एका खांबाशी गाडी धुतल्याचं पाणी मुरत असेल किंवा गच्चीचा पाईप उतरत असेल, तर तो खांब वर उचलला जातो आणि दुसरा कोरडा खांब खचतो.

उन्हाची भर वेगळी. लोखंड दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ३ मीटरची पट्टी पहाटे २० अंशांवर असेल आणि पश्चिमेच्या उन्हात ६० पर्यंत तापली, तर जवळपास दीड मिमी लांबते. एरवी एवढं कोणाच्या लक्षातही येत नाही. पण खांब आत कलून जागा संपलेली असली की तेवढं अडकायला पुरतं. मे महिन्यात सकाळी चालतं आणि दुपारी रुसतं ते यामुळे.

दुरुस्ती अशी करा. गाईड बोल्टवर असेल तर ते ढिले करून गाईडच्या मागे २-३ मिमीच्या पत्र्याच्या पट्ट्या किंवा वॉशर घालून ओळंब्यात आणता येतो. होल्डफास्टला (खांबात गाडलेल्या लोखंडी पट्टीला) वेल्ड केलेला असेल तर वेल्ड कापून मध्ये क्लीट, म्हणजे बोल्टची जोडपट्टी, बसवून घ्या आणि क्लीटला गोल भोकाऐवजी लांबट भोक ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी ग्राइंडर न लावता पान्याने काम होईल. अंतर असं ठेवा की भर उन्हाळ्यात, दोन खांब सर्वांत जवळ असताना, दोन्ही बाजूंना पट्टीच्या टोकापाशी किमान ५ मिमी मोकळे राहतील आणि भर पावसाळ्यात, खांब लांब गेलेले असतानाही, पट्टी प्रत्येक चॅनलमध्ये दीड इंच तरी आत असेल. ६५ मिमी खोल चॅनलमध्ये हे सहज बसतं. जुन्या शटरांना ४०-४५ मिमीचे उथळ चॅनल लावलेले दिसतात. त्यात इतका वाव नसतो, ते बदललेलेच बरे. चॅनलची कड ग्राइंडरने घासून जागा करायच्या भानगडीत मात्र पडू नका. कड पातळ होते आणि वावटळीत शटर चॅनलमधून बाहेर येतं.

गाईड सरळ केल्यावर पट्ट्या पाहा. शटर छातीइतक्या उंचीला आणून सी-क्लॅम्पवर टेकवा आणि कडेने नजर टाका. एखादी पट्टी शेजारणीपेक्षा बाहेर आलेली दिसेल. कडेच्या क्लिपा पडल्या किंवा पंच केलेला डाग झिजला की पट्टी आडवी सरकते. लाकडाचा ठोकळा धरून हातोडीने तिला परत आत सरकवा आणि क्लिप नवी लावा. क्लिप न लावता नुसती ठोकली तर आठवड्यात पुन्हा बाहेर येते.

सफाईबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाईडमध्ये ग्रीस किंवा इंजिन ऑईल घालू नका. आपल्याकडचा फुफाटा बारीक आहे. तेलात मिसळला की त्याचं घासून झिजवणारं मलम होतं आणि ऊन लागलं की ते डांबरासारखं बसतं. आधीच घातलेलं असेल तर रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. मग साधी पांढरी मेणबत्ती चॅनलच्या आतल्या दोन्ही गालांवर घासा, किंवा ग्रॅफाईट पावडर लावा, किंवा सिलिकॉन स्प्रे मारा. वर्षातून दोनदा पुरे, होळीच्या सुमारास आणि दिवाळीच्या आधी. ग्रीसची जागा वेगळी आहे: पुल्या पाईपवर जिथे फिरतात तिथे आणि बेअरिंग असल्यास त्यात. स्प्रिंगच्या वेढ्यांवर मात्र हलकं मशीन ऑईल थेंबाथेंबाने सोडा. कोरडी स्प्रिंग गंजते, आणि गंजाच्या खड्ड्यातूनच ती तुटते.

एवढं झाल्यावर काट्याने पुन्हा मोजा आणि मगच स्प्रिंगकडे वळा. तुमच्या बाबतीत बहुधा आवळलेला ताण थोडा सोडावा लागेल. हे काम कारागिरानेच करावं, पण तो ते कसं करतो यावर तुमचं लक्ष हवं. पाईपला दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटशी धरून ठेवणाऱ्या यू-क्लॅम्पला शटर पूर्ण वर असतानाच हात लावायचा, कारण तेव्हा स्प्रिंगमध्ये सर्वांत कमी ताण असतो. शटर खाली असताना यू-क्लॅम्प ढिला केला तर पाईप भिंगरीसारखा फिरतो आणि त्यावरचा पाना मनगट मोडतो. आधी बॉटमखाली दोन्ही गाईडला सी-क्लॅम्प लावायचे आणि गुंडाळीला दोन ठिकाणी जाड दोरीने बांधायचं. पाईपवर आणि ब्रॅकेटवर खडूची एक रेघ ओढायची. पाईपला २४ इंची पाईप पाना लावून त्याचा दांडा एका माणसाने घट्ट धरायचा. दुसऱ्याने दोन्ही टोकांचे यू-क्लॅम्प नट न काढता फक्त ढिले करायचे. ज्या दिशेला शटर गुंडाळलं जातं त्याच दिशेला पाईप फिरवला की ताण वाढतो, उलट सोडला की कमी होतो. पाव फेऱ्याच्या वर एका वेळी जायचं नाही. यू-क्लॅम्प आवळा, दोरी आणि सी-क्लॅम्प काढा, शटर चालवून पाहा, गरज असली तर पुन्हा तेच. घोडीवर दोन माणसं हवीत. एकटाच शिडीवर चढून हे करणारा कारागीर असेल तर त्याला थांबवा, मग त्याला कितीही राग येवो.

शटर पुरेसं हलकं व्हायला एका पूर्ण फेऱ्यापेक्षा जास्त आवळावं लागत असेल तर तिथे थांबा. स्प्रिंग मेलेली आहे किंवा एखादी तुटलेली आहे. तुटलेली ओळखणं सोपं असतं. एक दिवस मोठा आवाज होतो आणि त्या क्षणापासून शटर जड होतं, हळूहळू नाही. चार स्प्रिंगांपैकी एक गेली तर १०० किलोंतले साधारण २५ तुमच्या हातावर येतात. तेव्हा चारही बदलून घ्या. सगळ्यांनी सारख्याच फेऱ्या केलेल्या असतात, उरलेल्या तिघी फार मागे नसतात. नव्याजुन्याच्या मिसळीने ताण एका अंगाला जास्त राहतो तो वेगळाच.

जास्त आवळलेलं शटर तसंच वापरायचं नाही, हेही सांगून ठेवतो. बॉटम वर आपटून वरचे स्टॉपर वाकतात. स्टॉपर नसेल तर बॉटम गाईडच्या तोंडातून बाहेर निघतो आणि एक बाजू डोक्यावर लटकते. पहिली पट्टी पुलीला जोडणारे बोल्टही आपटून आपटून कापले जातात. गाईडच्या वरच्या टोकाला दोन्हीकडे लोखंडी अँगलचे स्टॉपर आहेत का ते आजच पाहा.

गाडीचा धक्का लागून चेमटलेली पट्टी बदलण्याबद्दलही अनेक जण विचारतात, तर त्यातला एकच धोका सांगतो. खराब पट्टीच्या खालचा भाग सुटा केला की शटरचं वजन एकदम कमी होतं, पण स्प्रिंग तेवढ्याच जोराने ओढत असते. उरलेलं शटर गोळीसारखं वर जातं. म्हणून पट्टी सरकवून काढण्याआधी तिच्या वरच्या पट्ट्या दोन्ही गाईडला सी-क्लॅम्पने जखडून ठेवायच्या. नवी पट्टी आणताना जुनीचा तुकडा बरोबर न्या. दिसायला सारख्या पट्ट्यांच्या कडांची वळी वेगवेगळ्या साच्यांत वेगळी निघते, मग एक तर बसत नाही किंवा बसते आणि गुंडाळत नाही.

गंज जवळपास नेहमी खालच्या दोन पट्ट्यांत आणि बॉटममध्ये सुरू होतो. बोअरचं क्षारयुक्त पाणी, गाडी धुतल्यावर उंबऱ्यापाशी साचलेलं, हेच त्याचं मुख्य कारण. फरशीचा उतार बाहेर हवा आणि शटर टेकतं ती रेघ आजूबाजूपेक्षा बोटभर उंच हवी. रंगवताना आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साईडचा एक हात आणि सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात. पट्ट्या गॅल्वनाईज्ड असतील तर रेड ऑक्साईड धरत नाही, सोलून निघतो. तिथे एच प्रायमर (etch primer, जस्ताला धरणारा) लागतो. रंग जाड मारला की पट्ट्यांचे सांधे चिकटतात, म्हणून प्रत्येक हात बोटाला लागेनासा झाला की शटर एकदा वर-खाली करून घ्या. चॅनलच्या आत रंग नको. दिवाळीनंतरचे दोन महिने या कामाला उत्तम.

राहिली मोटर. मोटर घर्षण नाहीसं करत नाही, तुमच्या हातून घेऊन स्वतःच्या गिअरवर टाकते. मधली मोटर, म्हणजे पाईपवर बसणारी, स्प्रिंगांच्या तोलावरच चालते. तोल बिघडला की ती तापते आणि आतला थर्मल कट-ऑफ तिला बंद पाडतो. पाईपच्या आत बसणाऱ्या नळीच्या मोटरी साधारण सलग चार मिनिटं चालण्यापुरत्याच बनवलेल्या असतात, नंतर निवायला १५-२० मिनिटं द्यावी लागतात. तेव्हा आधी शटर सरळ करा, काट्यावर १५ किलोच्या आत आणा, आणि तरीही घरात वयस्कर माणसं असतील तर मोटर जरूर बसवा. हाताने चालवायची साखळी किंवा क्रँक असल्याशिवाय घेऊ नका; वीज गेली तर गाडी आतच अडकते. स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट झाला की तोडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की तोडणारा) लावा. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी घालत राहा, कारण सुकलेली काळी माती सळईला धरून राहत नाही आणि अर्थिंग नावालाच उरतं. मोटर नुसती गुणगुणते आणि उचलत नाही असं झालं तर आधी व्होल्टेज मोजा, ते ठीक असेल तर कपॅसिटर संपलेला असतो. तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्टचाच घ्या आणि जुना काढण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून डिस्चार्ज करून घ्या. दाराच्या रेषेत जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर फोटोसेल (मध्ये काही आलं की ओळखणारा प्रकाशकिरणाचा सेन्सर) बसवला की रांगणारं मूल किंवा झोपलेलं कुत्रं असताना शटर उतरत नाही. हा खर्च टाळू नका.

खांबाचं हलणं कमी करायचं असेल तर काम पाण्यापासून सुरू करा. गच्चीचा पाईप खांबापासून दूर न्या, गाडी धुण्याची जागा बदला, खांबाभोवती तीन फूट रुंद काँक्रीटचा उतरता पट्टा घाला आणि दाराशी लावलेलं पाणीखाऊ झाड असेल तर तेही लक्षात घ्या. त्याची मुळं उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेतात. आत्ता घेतलेली तिन्ही मापं खांबावरच खडूने नको, वहीत लिहून ठेवा. सप्टेंबरमध्ये जमीन पुरती भिजली की तीच मापं त्याच जागी पुन्हा घ्या. दोन हंगामांतला फरक ८-१० मिमीच्या आत असेल तर लांबट भोकं आणि वॉशर यांवर वर्षानुवर्षं भागेल. त्याहून जास्त निघाला तर शटरवर आणखी पैसे घालू नका. डाव्या खांबाचा पाया मुरमापर्यंत नेऊन घ्या, आणि मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेला अंडररीम पाईल घालणाऱ्याला बोलवा.